हलू नका, भाईदास आला

माझ्या जुन्या लायसनवरचा फोटो बघून एका हवालदाराने मला विचारलं होतं, "काय हो, हा काढताना तुम्हाला धरून आणलं होतं का?" त्याची काही चूक नव्हती. फोटोत माझे डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले आणि मान अशी ताठ, की मागे कोणी बंदूक घेऊन उभं असावं. पण यात माझ्या चेहऱ्याचा काडीचाही दोष नाही. जळगावच्या जुन्या बाजारातल्या निम्म्या लोकांचे फोटो असेच आहेत. कारण ते सगळे भाईदासने काढलेत.

भाईदास सपकाळे माझा शेजारी. सुभाष चौकात उघडणाऱ्या गल्लीच्या तोंडाशीच माझं शिवणकामाचं दुकान आहे, मोतीलाल टेलर, आणि त्याला लागून त्याचा प्रकाश फोटो स्टुडिओ. मधली भिंत इतकी पातळ, की तो तिकडे शिंकला तर इकडे माझ्या सुईतला दोरा निघतो. आम्ही दोघं या गल्लीत काळ्याभोर केसांनी आलो आणि आता दोघांच्याही डोक्यावर सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्याच्या स्टुडिओत फोटो काढून घेणं ही एक शिक्षा असते. आधी तो हातात कंगवा देतो. मग पावडरचा डबा. मग स्टुलावर बसवून दोन बोटांनी हनुवटी धरतो आणि ती खाली करतो, थोडी डावीकडे करतो, पुन्हा थोडी खाली करतो. "खांदे सरळ. श्वास धरा. हलू नका." मग बटन दाबतो आणि मोठ्याने म्हणतो, "झालं!" ते ऐकलं की माणूस हुश्श करून उठतो. हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं. तेव्हा रोल जपून वापरायचा असे, आणि हललेला फोटो म्हणजे वाया गेलेला फोटो. रोल गेले, उस्ताद गेला, पण भाईदासचं 'हलू नका' काही हललं नाही.

माझा धंदा नेमका उलटा. कंबरेचं माप घ्यायला टेप लावली की प्रत्येक गिऱ्हाईक पोट आत ओढतं. ते माप लिहिलं तर पँट आठ दिवसांत परत येते. म्हणून मी गप्पा मारत राहतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि पोट आपोआप बाहेर आलं की टेप आवळतो. मी भाईदासला नेहमी चिडवायचो, "तू माणसाला आवळतोस, मी सैल सोडतो. तुझ्याकडून फोटो काढून आलेला माणूस माझ्याकडे आला, की त्याचे खांदे खाली आणायला मला अर्धा तास लागतो." तो हसायचा. मनुष्य शांत. त्याला राग येत नाही, तो सगळा माझ्या वाट्याला आलाय.

त्याच्या बायकोला मात्र येतो. केसरवहिनी मूळच्या धुळ्याकडच्या, बोलणं अजून पक्कं खान्देशी. त्या दुकानात डबा घेऊन आल्या की भिंतीवरच्या फोटोंकडे हात करून मला म्हणायच्या, "मोतीभाऊ, या मानुसनी बठ्ठा गावना फोटो काढात, पन मना एक हासता फोटो काढा नही." खरंच होतं ते. भाईदासचा स्वतःचाही घरात एकच फोटो, लग्नातला, उस्तादाने काढलेला. त्यात तो इतका ताठ उभा आहे, की त्यांची मुलगी समीक्षा लहानपणी विचारायची, "बाबांना कोणी रागावलं होतं का?"

मग मोबाइल आले आणि लोक स्वतःचेच फोटो काढायला लागले, तेही ओठांचा चंबू करून. लग्नाची कामं भाईदासच्या पुतण्याकडे, प्रशीलकडे गेली. प्रशील ड्रोन उडवतो, नवरा-नवरीला मेहरूण तलावावर नेऊन पळायला लावतो. भाईदासकडे उरले पासपोर्ट फोटो. त्याची त्याला खंत नव्हती. निदान मला तरी तो तसं म्हणायचा.

तर अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात पुण्याहून समीक्षाचा फोन आला.

समीक्षा पुण्यात एका ऑफिसात आहे. हॉटेलं, दवाखाने आतून सजवायचं काम ते करतात. जळगावला हायवेवर एक मोठं हॉटेल उघडणार होतं, ते काम त्यांच्याकडे आलं. दारातून आत शिरलं की समोर जी भिंत दिसते, तिच्यावर जमिनीपासून छतापर्यंत एकच फोटो लावायचा ठरला. मोठ्या शहराची धावपळ, गर्दी, जोश. तिच्या साहेबाने कुठल्याशा परदेशी शहराचा फोटो निवडलाही, पिवळ्या टॅक्सी आणि काचेच्या इमारती. पोरगी बापावर गेलेली, कधी वर मान करून बोलत नाही. पण त्या दिवशी भर मीटिंगमध्ये उठली आणि म्हणाली, "जळगावच्या हॉटेलात जळगाव का नको? माझे वडील फोटोग्राफर आहेत. ते काढतील."

साहेब आधी हसला. मग म्हणाला, पंधरा दिवस बघू, नाहीतर टॅक्सी आहेतच.

"अट एकच आहे, बाबा," समीक्षाने फोनवर सांगितलं. "कोणी कॅमेऱ्याकडे बघायला नको. सगळं चालू पाहिजे, धावतं पाहिजे."

भाईदास फोन ठेवून माझ्याकडे आला आणि कटिंगच्या टेबलावर बसला. त्यावर बसलेलं मला अजिबात खपत नाही, पण त्याचा चेहरा बघून मी फक्त कात्री बाजूला सरकवली.

"मोती, पोरीने माझ्या भरवशावर शब्द दिलाय," तो म्हणाला. "तिला काय माहीत, मी जन्मात चालत्या माणसाचा फोटो काढलेला नाही."

"मग आता काढ. बाजार दारात आहे. त्यात काय मोठं?"

मला खरंच त्यात काही मोठं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गळ्यात कॅमेरा अडकवून चौकात उभा राहिला. मी गंमत बघायला ओट्यावर आलो. बाजार अगदी रंगात होता. हमाल पोती घेऊन धावत होते, केळीच्या गाड्या अडकल्या होत्या, असोद्याच्या भरताच्या वांग्यांचे ढीग लागले होते, रिक्षावाला कोणाच्या तरी आईची आठवण काढत होता. भाईदासने कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि बाजार थांबला.

मी अतिशयोक्ती करत नाही. आधी चहावाल्याने बघितलं. त्याने किटली खाली ठेवली, गल्ल्याखालून कंगवा काढून भांग पाडला आणि हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला. त्याच्या शेजारचा कांदेवाला उभा राहिला. पोतं पाठीवर असलेल्या हमालाने पोतं टेकवलं आणि हनुवटी खाली घेतली, थोडी डावीकडे, पुन्हा थोडी खाली. वांगी विकणाऱ्या बेबाबाईने पदर सावरला. रिक्षावाला तर रिक्षातून उतरून रिक्षाच्या शेजारी उभा राहिला, लग्नात नवरदेवाशेजारी करवला राहतो तसा. सगळ्यांचे डोळे वटारलेले, ओठ मिटलेले, श्वास धरलेला. जन्मभर भाईदासने जे शिकवलं, ते एकही जण विसरला नव्हता.

"अरे, चला की!" भाईदास ओरडला. "हला! तुमचं तुमचं काम करा!"

कोणी हललं नाही. भाईदासच्या कॅमेऱ्यापुढे हलायचं नसतं, हे लेकराबाळांनाही माहीत. शेवटी मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा त्याने कॅमेरा खाली घेतला आणि सवयीने म्हणाला, "झालं." बाजार पुन्हा सुरू झाला.

मग आम्ही युक्त्या केल्या. एक दिवस तो माझ्या दुकानात शिवून टांगलेल्या शर्टांच्या मागे लपला आणि दोन बाह्यांच्या मधून कॅमेऱ्याचं तोंड बाहेर काढलं. जरा वेळ बरं चाललं. मग समोरून बेबाबाईचा खणखणीत आवाज आला, "भाईदासनाना, तठे कपडास्ना मांगे काय दपी बठनात? निंघा बाहेर, मी पदर सावरी लेस!" आणि तिने सावरलाच. तिचं बघून आख्ख्या रांगेने सावरलं. शर्टांमागून बाहेर येताना भाईदास इतका ओशाळला होता, की मला हसायचं धैर्य झालं नाही. तो घरी गेल्यावर हसलो.

"इथे सगळे मला ओळखतात, तीच अडचण आहे," तो म्हणाला. "धुळ्याला जाऊ. तिथे मला कुत्रं ओळखत नाही."

"फोटो जळगावचा पाहिजे ना?"

"आधी मला जमतं का ते तर कळू दे."

मला त्याच्या आवाजात भीती ऐकू आली. म्हणून मी दुकान बंद करून एसटीने त्याच्यासोबत धुळ्याला गेलो, वाटेत त्याला बोल लावत. आग्रा रोडला उतरलो, पाचकंदीलच्या बाजारात आलो. तिथली गर्दी बघून भाईदासचे डोळे चमकले. खरोखर तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्याने एका भिंतीला पाठ लावली आणि कॅमेरा वर केला.

या वेळी बाजार थांबला नाही. पळाला.

कोणीतरी ओरडलं, "अतिक्रमणवाला उनात! गाड्या काढा रे!" आणि डोळ्यांदेखत पेरूची गाडी गेली, मोज्यांची गाडी गेली, चादरी गुंडाळून बाया गल्लीत शिरल्या. जो रस्ता माणसांनी फुललेला होता, तिथे क्षणात एक भाईदास, एक मी आणि एक रवंथ करणारी गाय उरलो. भाईदासच्या कॅमेऱ्यात आला तो फक्त गायीचा फोटो. गायही कॅमेऱ्याकडे बघत होती.

मग गल्लीतून चार-पाच जण परत आले. त्यातल्या एकाने भाईदासची कॉलर धरली.

"कोन शेतस रे तुम्ही? गाड्यास्ना फोटो कसाले काढी ऱ्हायनात?"

मी काही शांत माणूस नाही. मी त्याचा हात झटकला आणि "कॉलर सोड, ती मी शिवलेली आहे" असं ओरडलो. झालं, गर्दी आणखी वाढली. कोणी म्हणालं, पिशवी बघा याची. पिशवी उपडी केली. तिच्यातून पडलं काय, तर एक कंगवा, एक हात-आरसा आणि पावडरचा डबा. भाईदास कुठेही गेला तरी हे सोबत असतं. आजूबाजूचे सगळे त्या डब्याकडे बघत राहिले.

लसूण विकणारी एक म्हातारी पुढे आली, भागाबाई तिचं नाव. तिने कंगवा उचलून भाईदासच्या हातात दिला. "आरे सोडा त्यासले. अतिक्रमणवाला कधी कंगवा लई येतस का?" असं त्या लोकांना म्हणाली आणि मग वळून भाईदासला म्हणाली, "मना बी एक फोटो काढ भाऊ. चांगला काढ, भित्तीवर लावाना शे."

पुढे काय झालं ते सांगायलाच नको. गाड्या परत आल्या. सगळ्यांनी आळीपाळीने तोच कंगवा फिरवला आणि पाचकंदीलच्या रस्त्यावर दोन ओळी करून उभे राहिले, म्हातारी मध्ये, कॉलर धरणारा तिच्या उजवीकडे. भाईदासने त्यांच्या हनुवट्या खाली केल्या. आम्ही जिवंत सुटलो म्हणून मला इतकं हलकं वाटत होतं, की मी त्या लोकांना चहा पाजला.

परतीच्या एसटीत मात्र भाईदास खिडकीबाहेर बघत बसला. समीक्षाचा फोन आला, तो वाजू दिला. पारोळ्याच्या पुढे आल्यावर म्हणाला, "मोती, दोष लोकांचा नाही. मीच थांबवलं सगळ्यांना. आयुष्यभर चांगल्या हसत्या-बोलत्या माणसांना मी दगड करून ठेवलं आणि त्यालाच फोटो म्हणत आलो. माझ्याकडे जिवंत फोटो नाहीच. पोरीला काय तोंड दाखवू?"

मला त्याला काहीतरी टोचून बोलायचं होतं, पण मी त्याच्या मांडीवरची पिशवी माझ्याकडे घेतली. मी म्हटलं, "झोप जरा."

घरी केसरवहिनी वाट बघत होत्या. "पोरगीना फोन का बरं उचलतस नही तुम्ही?" त्यांनी विचारलं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून काय ते ओळखून ताट वाढायला घेतलं. पण त्या गप्प बसणाऱ्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी वांगी घ्यायला गेल्या तेव्हा त्यांनी बेबाबाईला सगळं सांगितलं. पोरीने साहेबाला शब्द दिलाय, फोटो मिळाला नाही तर तिची मान खाली जाईल, उद्याचा एकच दिवस उरलाय. बेबाबाईला सांगणं आणि चौकात दवंडी पिटणं यात फार फरक नाही. आणि सांगता सांगता तिने नेमकी एकच गोष्ट गाळली, की लोकांनी हलायचं आहे.

शेवटच्या दिवशी प्रशीलने काकाला स्वतःचा नवा कॅमेरा दिला. "काका, हा फार फास्ट आहे. पळतं माणूस पण सापडतं यात," एवढंच सांगून तो समोरच्या पानटपरीवर गेला. जरा उंचावरून काढावा म्हणून माझं कटिंगचं टेबल ओट्यावर आणलं. ते एका पायाने लंगडं आहे, म्हणून मी खाली बसून ते दोन्ही हातांनी धरलं. भाईदास वर चढला आणि त्याने समोर बघितलं.

चौक भरून माणसं उभी होती. आपापल्या गाड्यांपाशी, पण कशी? चहावाल्याने लग्नातला सफारी घातला होता. हमालांनी पांढरेशुभ्र सदरे घातले होते, त्यातले दोन मी शिवलेले. रिक्षा हारांनी सजवलेली. वांग्यांच्या ढिगापाशी बेबाबाई जरीच्या साडीत. "पोरनी अब्रूनी गोष्ट शे, म्हनीसन नवी साडी नेसनू!" ती तिथूनच ओरडली. आणि भाईदासच्या हातात कॅमेरा दिसताच सगळ्यांनी हात मांड्यांना चिकटवले, हनुवट्या खाली घेतल्या आणि श्वास धरला. आजवर भाईदासपुढे इतका ताठ कोणी उभा राहिला नव्हता. समीक्षासाठी उभे होते ना.

मी खालून भाईदासकडे बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडेल. निदान आज तरी चिडेल. पण त्याने त्या सगळ्या कडक इस्त्रीच्या माणसांवरून एकदा नजर फिरवली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं. आता हट्ट सोडायचा. एवढी माणसं आपल्या पोरीसाठी नटून आलीत, त्यांचा एक फोटो नीट काढायचा आणि खाली उतरायचं.

"खांदे सरळ," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "श्वास धरा. हलू नका."

त्याने बटन दाबलं.

"झालं!"

पण कॅमेरा त्याने खाली घेतला नाही. मी अगदी खाली होतो म्हणून मला दिसलं, कॅमेऱ्याच्या मागून त्याच्या गालावर पाणी उतरत होतं. लोकांना ते दिसू नये म्हणून तो तोंडापुढे कॅमेरा धरून तसाच उभा राहिला, आणि बोट बटनावर तसंच दाबलेलं. कॅमेरा खटखटखटखट वाजत राहिला. मला वाटलं, बिघडला. त्यालाही तेच वाटलं. घाईघाईने खाली उतरून त्याने तो टपरीवरून धावत आलेल्या प्रशीलच्या हातात दिला. "बघ रे, मोडला वाटतं माझ्याकडून. जे आहे ते पाठवून दे समीक्षाला. आणि तिला सांग, टॅक्सीच लावा म्हणावं."

मग तो माझ्या दुकानात येऊन, परत आत आणलेल्या त्याच लंगड्या टेबलावर बसला. मी चहा मागवला. त्याने घेतला नाही. मी शिलाई करायला बसलो आणि एका शर्टाची बाही उलटी जोडली. माझी तीही चूक मी त्याच्यावर ढकलली, पण त्याचं लक्ष नव्हतं.

दुपारी फोन वाजला. समीक्षाचं नाव बघून त्याने माझ्याकडे बघितलं. मीच उचलून स्पीकरवर टाकला.

पलीकडून आधी हुंदका की हसू असं काहीतरी आलं.

"बाबा, हा फोटो काढला कसा तुम्ही?"

"कोणता गं?" भाईदास म्हणाला. "ते सगळे ताठ उभे आहेत तोच ना? बेटा, मी प्रयत्न केला..."

"तो नाही. त्याच्या नंतरचा! साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, एवढी माणसं एका वेळी अशी मोकळी कधी बघितली नाहीत. बाबा, भिंतीवर हाच लागणार!"

भाईदासला काही समजेना. प्रशील पळत कॅमेरा घेऊन आला आणि "बटन दाबून धरलं की हा काढतच राहतो, काका," म्हणत त्याने छोट्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवला. पहिले दोन तसेच, शाळेच्या वर्गाचे असतात तसे. मग तिसऱ्या फोटोपासून बाजाराने श्वास सोडला होता.

'झालं' ऐकून सगळे एकदम सुटले होते. बेबाबाईने मान मागे टाकून तोंडभर हसत एक वांगं शेजारच्या कांदेवाल्याला फेकून मारलं होतं आणि ते हवेत होतं. कांदेवाला वाकला होता. सफारीतला चहावाला वरून चहाची धार सोडत होता आणि धारेमागून दोन मुली वेण्या उडवत पळत होत्या. हमालाने पोतं उचललं होतं, तोंड 'बाजू' म्हणायला उघडलं होतं. तिघं मिळून अडकलेली केळीची गाडी ढकलत होते, रिक्षाचे हार वाऱ्यावर, आणि एक बकरी मेथीच्या जुडीत तोंड घालून कोणाचं लक्ष नाही याचा फायदा घेत होती. एकाचंही तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतं. इतकी वर्षं मी तो चौक बघतोय, पण चौक असा दिसतो हे मला त्या दिवशी कळलं.

भाईदासने पडद्यावरून नजर काढली नाही. तसाच बघत म्हणाला, "हे रोज व्हायचं, मोती. मी झालं म्हणायचो आणि हे व्हायचं. आणि मी त्याच वेळी कॅमेरा खाली घ्यायचो." मग त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. मला इतका आनंद झाला, की मी त्या उलट्या बाहीचा राग विसरून गेलो.

हॉटेल उघडलं त्या दिवशी समीक्षाने आख्ख्या गल्लीला बोलावलं. भिंतीसमोर सगळी गल्ली जमली आणि जो तो स्वतःला शोधू लागला. बेबाबाईने दिसेल त्या पाहुण्याला हवेतलं वांगं दाखवलं आणि ते असोद्याचं आहे हेही सांगितलं. फोटोत सगळा बाजार आहे, मी तेवढा नाही. नीट बघितलं तर खाली कोपऱ्यात दोन हात दिसतात, टेबल धरलेले. ते माझे. मी हे हॉटेलच्या मॅनेजरलाही सांगून ठेवलंय.

समीक्षाने मोबाइल काढला. "बाबा, तुम्ही उभे राहा ना फोटोपुढे. एकटेच."

भाईदास जाऊन उभा राहिला. मागे सगळा चौक धावत होता आणि त्याच्यापुढे हा पठ्ठ्या हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी खाली, थोडी डावीकडे, पुन्हा थोडी खाली.

"बाबा, हसा."

त्याने ओठ आणखी घट्ट मिटले.

"बाबा, माझ्याकडे तुमचा एकही हसरा फोटो नाहीये. प्लीज."

त्याने डोळे वटारले. बिचाऱ्याचा इलाज नव्हता, त्याला दुसरं येतच नव्हतं. पोरीचा चेहरा उतरला. तिने मोबाइल हळूहळू खाली घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी तिच्या मागे जाऊन तिचा हात वर धरून ठेवला आणि अगदी भाईदासच्या आवाजात ओरडलो, "झालं!"

भाईदासने श्वास सोडला. खांदे खाली आले, एक हात टकलावरून फिरला. "सुटलो बुवा," असं म्हणत तो केसरवहिनींकडे वळला आणि हसला, दात दिसतील असा. समीक्षाने बटन दाबलं.

तो फोटो आता स्टुडिओच्या काचेत लावलाय. गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, माझाही असाच काढा. पासपोर्टचं काम नसेल तर भाईदास काढतो. कंगवा देतो, पावडर देतो, हनुवटी धरतो. खांदे सरळ, श्वास धरा, हलू नका. मग मोठ्याने म्हणतो, "झालं!" आणि मगच बटन दाबतो. असा काढलेला त्याचा पहिला फोटो केसरवहिनींचा आहे. तो त्याने काचेत लावला नाही, गल्ल्यावर ठेवलाय, स्वतःकडे तोंड करून.